बिरकेत पडलेली शेळी

खरं सांगायचं तर मला कुठेही जायचा कंटाळाच आला होता. ओमानातल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत पंचवीस वर्षं यंत्रांच्या आवाजात काढली की आधी कान निवृत्त होतात, मग गुडघे, आणि सगळ्यात शेवटी कागदोपत्री आपण. व्हिसा रद्द व्हायला आठ दिवस उरले होते. हॉलमध्ये खोकी बांधून ठेवलेली, भिंतीवर फोटो होते तिथे फिकट चौकोन. आणि अशा वेळी मी बायकोला म्हटलं, "सुमन, मला एकदा मुसंदमला जाऊन यायचंय."

"आत्ता?" ती चिकटपट्टी दातानं तोडत होती. "निघायच्या आठवड्यात यांना डोंगर आठवला! काय ठेवलंय तिथे?"

"एक म्हातारा आहे. असला तर."

तिनं पट्टी खाली ठेवली. चोवीस वर्षांच्या संसारात मी त्या दरीबद्दल तिला वाऱ्याचं सांगितलं होतं, थंडीचं सांगितलं होतं, शेळ्यांच्या दुधाचं सांगितलं होतं. माणसाबद्दल कधी बोललो नव्हतो. "मग मीपण येते," ती म्हणाली. "हे बांधून बांधून माझी कंबर गेलीय. तेवढीच सुटका."

मुसंदम म्हणजे ओमानचाच तुकडा, पण मध्ये दुसऱ्या देशाची जमीन आणि बाकी सगळा समुद्र. नकाशात ते बेट नाही, हे मलाही कळतं. पण त्या काळी तिथल्या खसब बंदरातून लाँचनं तासभर जायचं, मग दोन तास दगडातून चढायचं, आणि मग डोंगरांच्या मध्ये ती दरी उघडायची. आम्ही तिला बेटच म्हणायचो. आम्ही म्हणजे मी एकटाच. दुसरा हिंदुस्थानी माणूस तिथे नव्हता.

मी गुहागरकडचा. आयटीआय करून आलो, पहिलं वर्ष राजधानीतल्या हमरियात आठ जणांच्या खोलीत काढलं, आणि मग कंपनीनं विचारलं, वर एका गावात जनरेटर चालवायचाय, कोण जाईल? सगळ्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं असतं, पण मला जरा उशीर झाला.

शिनास बंदरातून आता चकचकीत फेरी जाते. आत गार हवा, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. सुमन खिडकीशी बसून झोपली. मी डेकवर गेलो, पण तिथे फार वेळ उभं राहवेना. खसबचे डोंगर जवळ येऊ लागले तसं मी आत वळलो. वाटलं, इथूनच परत फिरावं. पंचवीस वर्षं गप्प बसलो, अजून आठ दिवस बसलो असतो तर कुणाचं काय अडलं असतं?

निघण्याआधी फोन केला होता, म्हणून धक्क्यावर हसनभाई उभे होते. हे दाभोळचे. खसबला त्यांचं हार्डवेअरचं दुकान. माझ्या वेळी डिझेलची पिंपं लाँचमध्ये घालून हेच पाठवायचे, आणि पिंपांबरोबर न चुकता सुके बांगडे. आता दाढी पांढरी, पण आवाज तोच.

"म्हातारा जिता हाय रे," त्यांनी आधी तेच सांगितलं. "कान जरा गेलेत. बाकी ठणठणीत. पोरं खाली खसबला राहतात, ह्यो हटत नाय. मी गॅसचे सिलेंडर घेऊन जातो ना वर, चल, त्याच गाडीत बसा."

"मी येतोय हे सांगितलंत?"

"नाय. तूच तोंड दाखव."

लाँच नको, चढ नको. रस्ता झालाय. कच्चाच, पण गाडी थेट वर जाते. दोन तासांची चढण अर्ध्या तासात संपली आणि मला ते आवडलं नाही. पायांनी कमावलेली जागा अशी आयती हातात आली की ओळख पटत नाही. वळणावर एक मोठा खडक होता, तिथे बसून मी पाणी प्यायचो. तो फोडून रस्ता रुंद केलाय. सुमन हँडल घट्ट धरून म्हणत होती, "देवा, कुठे राहत होता हो तुम्ही!"

कुठे राहत होतो, काय सांगू. दरीच्या तळाला ताटाएवढी सपाट जमीन, तिच्यात दगडी बांधांनी आखलेली शेतं. कडेला तीसेक घरं, अर्धी जमिनीत गाडलेली, वाकून आत शिरावं लागे. त्या घरांत दारापेक्षा मोठे मातीचे रांजण असत. मला पहिल्यांदा कोडंच पडलं की हे आत गेले कसे. मग कळलं, आधी रांजण ठेवायचे आणि त्यांच्याभोवती भिंती उभ्या करायच्या. रांजणांत गहू, जव, पाकातला खजूर. हिवाळ्यात दोन-चार पाऊस पडत, तेवढ्यावर पीक. सकाळी दरी धुक्यानं भरलेली असे आणि धुक्यातून नुसत्या शेळ्यांच्या घंटा ऐकू येत. धूर, ओली लोकर, वेलदोड्याचा कहवा, आणि माझ्या अंगाला कायमचा बसलेला डिझेलचा वास. मी कितीही साबण लावला तरी सालेमकाका लांबूनच म्हणत, "मुहंदिस आला."

मुहंदिस म्हणजे इंजिनियर. मी साधा इंजिन पुसणारा, पण त्यांनी दिलेली पदवी मी चार वर्षं मिरवली. सालेमकाका तेव्हा पन्नाशीचे. उंच, काटक, हातात लहानशी कुऱ्हाड बसवलेली काठी. तिकडचे पुरुष ती सोबत ठेवतातच. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या खोलीत आले, माझा स्टोव्ह पाहिला, भांड्यातला करपलेला भात पाहिला आणि म्हणाले, "यल्ला, घरी चल." त्या दिवसापासून दुपारचं जेवण त्यांच्याकडे. मी मटण कमी खातो म्हटल्यावर त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी मसुरीची आमटी शिकून घेतली. तिला मी कधी नीट पाहिलं नाही, मुखवट्याआडचे डोळे तेवढे. पण तिच्या आमटीची चव आजही जिभेवर आहे.

वसंतात बाभळी फुलत. पिवळ्या फुलांचा वास संध्याकाळी एवढा दाटून येई की इंजिनाचा वासही हरे. आणि मग उन्हाळा. उन्हाळा लागला की अख्खं गाव उठून खाली किनाऱ्यावर जायचं, खजूर उतरवायला आणि मासे धरायला. घरांना भलीमोठी कुलपं लागत. गाढवांवर चटया, पोरं, कोंबड्या. जाताना बायका माझ्या दारात खायचं काहीबाही ठेवून जात. मग चार महिने दरीत कोण? दोन म्हाताऱ्या, ज्यांना चालवत नव्हतं, त्यांच्यासाठी आणि शेळ्यांसाठी मागे राहिलेले सालेमकाका, आणि मी. दवाखान्यात लशींचा फ्रीज होता, तो गार ठेवायला इंजिन चालू हवं. मला जागा सोडता येत नसे.

आणि पाणी. पाणी म्हणजे बिरका. डोंगरउतारावर दगड-चुन्यानं बांधलेली टाकी, पावसाचं पाणी वळवून तिच्यात घ्यायचं. वर छप्पर, एका बाजूला पायऱ्या. सगळं गाव त्या पाण्यावर जगे. उन्हाळ्याच्या शेवटी ते गुडघाभर उरत असे.

आता बोलायचं ते बोलतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात मला घरची फार आठवण आली. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. काकांची चित्रशाळा होती, तिथे माती मळण्यात माझं लहानपण गेलेलं. आईनं पाठवलेल्या पत्रात चतुर्थीची तारीख होती आणि पुडीत थोडं कुंकू, गुलाल. मी ते पत्र वाचून दिवसभर कोपऱ्यात बसलो. मग उठलो, सालेमकाकांच्या शेतातली माती आणली, बनियनमधून गाळली, मळली, आणि वीतभर उंचीचा गणपती केला. ओबडधोबड, पण सोंड चांगली जमली होती. पत्रीत बोराचं पान चालतं, बोराचं झाड दारात होतं. खजुराचं सारण घालून कणकेचे मोदक उकडले. आरतीच्या वेळी इंजिन मुद्दाम लवकर सुरू केलं, म्हणजे माझा आवाज म्हाताऱ्यांना ऐकू जाऊ नये. एकटाच टाळ्या वाजवून आरती म्हटली. मी इतका रडलो त्या दिवशी, आणि इतका खूशही होतो.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. समुद्र दोन तास खाली. फ्रीज सोडून जाता येईना. आणि माझी अक्कल तेव्हा कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे. विसर्जन पाण्यातच करायचं, एवढंच डोक्यात. आमच्या गावी नदीत करतात, विहिरीत करतात, पाण्याला कधी काही होत नाही. माती ती, बसेल खाली. दिवस कलताना मी बिरकेच्या पायऱ्या उतरलो आणि मूर्ती पाण्यात सोडली, कुंकवासकट, गुलालासकट.

सकाळी पाहतो तर पाणी ताकासारखं झालेलं, वर लालसर झाक. गुडघाभर पाण्यात एवढी माती! मी खोलीत पळालो. खिडकीतून पाहिलं, सालेमकाका पखाल घेऊन आले. पायऱ्या उतरले. बराच वेळ वर आले नाहीत. मग आले, रिकामी पखाल खांद्यावर, माझ्या खिडकीकडे त्यांनी पाहिलं असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी गाढव सोडलं आणि पलीकडच्या डोंगरातल्या झऱ्याकडे निघाले. जायला तास, यायला तास. दोन म्हाताऱ्यांसाठी, शेळ्यांसाठी ते रोज तिकडून पाणी आणू लागले. आणि रोज एक भरलेला डबा माझ्या दारात ठेवून जात. बोलत काहीच नव्हते. जेवायला मात्र बोलवत.

मी रोज ठरवायचो, आज सांगतो. घास तोंडात असताना शब्द घशाशी यायचा आणि घासाबरोबर खाली जायचा. भीती होती. मुसलमान गाव, त्यांच्या पिण्याच्या पाण्यात मी मूर्ती सोडली. काढून टाकतील, मारतील, घरी काय सांगू? आज वाटतं, तसं काही झालं नसतं. पण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी माणूस स्वतःच्याच सावलीला घाबरतो.

गाव परत आलं तेव्हाही पाणी गढूळच होतं. लोकांनी विचारलं. सालेमकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी शेळी पडली होती."

गावाचा रिवाज पक्का होता. ज्याचं जनावर बिरकेत पडेल त्यानं बिरका उपसायची, तळ खरवडायचा, चुना लावायचा, आणि पाऊस होईतो गावाला पाणी पुरवायचं. एकट्यानं. कुणी मदत करायची नाही, म्हणजे पुढच्या वेळी माणूस जनावर बांधून ठेवतो. सालेमकाका तीन आठवडे त्या खड्ड्यात वाकून होते. मी फावडं घेऊन गेलो तर आतूनच म्हणाले, "मुहंदिस, तू इंजिन बघ." मी इंजिन बघत बसलो. त्यांच्या खरवडण्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू यायचा. पोरंटोरं त्यांना चिडवायची, शेळीवाला म्हणून. ते हसायचे.

पुढच्या उन्हाळ्यात सोहारची बदली मागून घेतली. त्या वर्षी म्हाताऱ्यांना आणि शेळ्यांनाही खाली नेलं होतं, म्हणून सालेमकाकाही खजुरासाठी गेले होते. गाव रिकामं असतानाच मी माझी पेटी उचलली आणि दरी उतरलो. निरोप द्यायला कुणी नव्हतं, आणि म्हणूनच मी तो दिवस निवडला होता.

हे सगळं मी गाडीत सुमनला सांगितलं. हसनभाईही ऐकत होते. सुमन म्हणाली, "आणि मला वाटायचं, तुम्हाला गणपतीत दरवर्षी ताप का येतो."

दरी आली. शेतं पडीक, बांध जागोजाग ढासळलेले. विजेचे खांब आलेत, माझ्या इंजिनाच्या खोलीला छप्पर नाही. बहुतेक घरांची कुलपं गंजून दाराशी एक झालीत. एका उन्हाळ्यात गाव खाली गेलं ते परत आलंच नाही. वारा तेवढा तोच, दुपारचा, दगडांवरून तापून येणारा. चाळीस पावलं चालायची होती, तीही जड झाली.

सालेमकाका दारासमोर चटईवर बसले होते. पूर्वीचे अर्धे उरलेले, पण पाठ ताठ. हसनभाईंनी सिलेंडर उतरवला आणि मोठ्यानं ओरडले, "पाहुणा आणलाय!"

त्यांनी डोळ्यांवर हात धरला. मी जवळ गेलो, वाकलो. त्यांनी आधी माझा हात हातात घेतला, मग नाकाशी नेला. "डिझेल नाही," ते म्हणाले. "पण मुहंदिसच."

कहवा आला, खजूर आला. सुमनला त्यांनी मुलगी म्हटलं आणि तिच्यापुढे तीन वेळा खजूर सरकवला. तब्येत, मुलं, पाऊस, सगळं विचारून झालं. त्यांची बायको जाऊन नऊ हिवाळे झाले, हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. मग मीच म्हटलं. त्यांना ऐकू यावं म्हणून मला ते जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. पंचवीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट अशी दरीभर ओरडत सांगायची! "काका, बिरकेत शेळी पडली नव्हती. ते मी केलं होतं."

त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"कुठल्या शेळीला सोंड असते?" ते म्हणाले. "मी तळाशी हात घातला, तर मूठभर माती अजून विरघळली नव्हती. हातात सोंड आली."

"मग... तिचं काय केलंत?"

"माझ्या शेतातली माती, ओळखणार नाही का? परत शेतात नेली. बांधाच्या आत ठेवली, जिथे कुणाचा पाय पडत नाही. तुझ्या पूजेची वस्तू होती ती. पायाखाली कशी घालू?"

सुमननं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "सगळं माहीत होतं तर बोलला का नाहीत? मला ओरडायचं तरी. तीन आठवडे खड्ड्यात..."

"गावाला सांगितलं असतं तर तुझं इथे राहणं कठीण झालं असतं. तू पोर होतास, आईपासून लांब. पाणी काय, पाऊस पडला, भरलं. खलास." त्यांनी हात झटकला. मला एवढं हलकं वाटलं की मी हसायलाच लागलो. चला, सुटलो एकदाचा. पंचवीस वर्षं उगाच छातीवर धोंडा घेऊन फिरलो.

पण ते हसत नव्हते. काठीच्या टोकानं ते जमिनीवर रेघ ओढत होते.

"ते माफ आहे," ते म्हणाले. "ते त्याच दिवशी माफ होतं. पण मी खजूर घेऊन वर आलो, तुझ्यासाठी वेगळी टोपली बांधून आणली होती. तुझ्या खोलीत मल्याळी माणूस. मी विचारलं, मुहंदिस कुठे? म्हणाला, गेला. कुठे गेला? माहीत नाही. माझी बायको रोज विचारायची, आजारी पडला का, आई गेली का त्याची? मी काय सांगणार? चार वर्षं माझ्या घरात जेवलास. आमच्यात खाल्ल्या घरचा कुत्रासुद्धा जाताना उंबऱ्यापाशी येऊन जातो. तू निरोप न घेता गेलास, मुहंदिस. ते मला लागलं."

दरीत वारा सुटला होता. हसनभाई उठून गाडीकडे गेले. मी मान खाली घालून बसलो. इतकी वर्षं मी भलत्याच गुन्ह्याची शिक्षा भोगत होतो, आणि खरा गुन्हा मला ठाऊकही नव्हता. माफी मागावी तर कुठल्या तोंडानं? आमटी करणारी तर आता नव्हतीच.

"मी आता कायमचा चाललोय, काका," मी म्हटलं. "हिंदुस्थानात. आठवड्यानं."

"म्हणून आलास?"

"हो."

ते काठी टेकून उठले. सुमन हात द्यायला गेली, तो त्यांनी बाजूला केला. गाडीपर्यंत आमच्याबरोबर चालत आले, पावलागणिक थांबत. गाडीच्या दारापाशी त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला. "फी अमानिल्ला," ते म्हणाले. देवाच्या हवाली. "हे त्या वेळचं. तिच्याकडूनही." मग परत एकदा, हळू, "फी अमानिल्ला. हे आजचं."

आणि हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. माझं उत्तर यायचं होतं.

आमच्यात जाताना कुणी जातो म्हणत नाही. अपशकुन असतो. चार पावलांवर जायचं असलं तरी येतो म्हणायचं, हे आईनं लहानपणीच शिकवलेलं. तो शब्द जिभेवर आलाही होता. पण मी पुन्हा येणार नव्हतो, आणि ते त्यांनाही माहीत होतं, आणि त्या माणसाला मला आता काहीही खोटं सांगायचं नव्हतं.

"जातो, काका," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि मग माझा हात सोडला.